पोह्याची बारी

वर्षश्राद्ध होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तोच चारुलताबाईंना उज्जैनच्या देवास गेटच्या बाजारात त्यांचा गेलेला मुलगा हाक मारून गेला.

हाक म्हणजे अगदी हाक. भास वगैरे म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. बाई कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून बघत होत्या आणि मागून यशोधन म्हणाला, "आई, ऐक ना." 'ऐक'वर जोर आणि 'ना' जरा ओढलेला, काही हवं असलं की म्हणायचा तसा. बाई सवयीने काहीतरी बोलायला तोंड उघडून वळल्या. मागे एक ई-रिक्षा गर्दीतून वाट काढत होती. आत दोन बायका, ड्रायव्हरच्या पायाशी लहानसा स्पीकर, आणि त्यात काहीतरी धाडधाड वाजत होतं. "रुको भैया" म्हणेपर्यंत ती वळून गेलीही.

"आंटी, धनिया लेना है के नी?" भाजीवालीने विचारलं.

बाईंनी जुडी तिथेच ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन माधव नगरला घरी आल्या. श्रीधरराव पेपर वाचत होते. बँकेतून रिटायर झाल्यापासून ते पेपर जाहिरातींसकट वाचतात. बाईंनी झालं ते सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही.

"गुरुजी काय म्हणाले घाटावर? तो आता मोकळा झाला. तूही हो. दिमाग खराब करून घेऊ नको."

"मी त्याचा आवाज ओळखत नाही का हो?"

"चारू, बस कर," ते म्हणाले, आणि उठून गच्चीवर गेले.

आता या पोतनीसांच्या घराबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. शिंदे सरकारच्या दप्तरात यांचे कोणी पूर्वज होते. दप्तर गेलं, सरकार गेलं, घरातली ऐट मात्र गेली नाही. घरात मराठीच बोलायची, असा नियम. आणि नियम सांगणारे श्रीधरराव स्वतः "मी तुला बोलून राहिलोय ना" असं म्हणणार, ते सोडून द्या. यशोधन एकुलता एक. गळा गोड. मराठी समाजाच्या गणपतीत दरवर्षी तो गायचा आणि पहिल्या रांगेत बसून बाई कृतार्थ व्हायच्या. कॉलेजात गेला आणि सगळं फिसकटलं. डोक्याच्या दोन्ही बाजू भादरलेल्या, मध्ये शेंडीवजा वेणी, एका कानात बाळी, गुडघ्यापर्यंत लोंबणारं काळं टोपीवालं जॅकेट. आणि तोंडाने रॅप. क्षिप्रेच्या काठी कुठल्याशा पायऱ्यांवर पोरापोरींचा घेरा जमायचा, त्यात हा जाऊन उभा.

"गाण्याचा गळा देवाने दिला, आणि हा बरळतोय," श्रीधरराव म्हणायचे.

घेऱ्यात त्याचं नाव होतं पोहा. उज्जैनचा पोहा वाफेवरचा, वर शेव. हा डब्यात न्यायचा ते घरचे, कांदा-खोबऱ्याचे, लिंबू पिळलेले. पोरांनी डब्याचा फडशा पाडला आणि ह्याला पोहा करून टाकलं. पोतनीसांच्या मुलाला लोक रस्त्यात 'ए पोहा' म्हणतात, हे समाजातल्या एका वहिनींनी हळदीकुंकवात सर्वांदेखत सांगितलं. बाईंना वाटलं धरणी पोटात घेईल तर बरं. त्या संध्याकाळी घरात कडाक्याचं भांडण झालं.

तेव्हा यशोधन एवढंच म्हणाला होता, "बाबा, घरात मला तुम्ही हिंदाळलास म्हणता. बाहेर मला मराठा म्हणतात. तिथे मला पोहा म्हणतात, आणि माझी बारी आली की सगळे गप्प राहून ऐकतात. इथे कोण ऐकतं?"

बाईंनी उठून पानं घेतली.

बाजारातल्या त्या हाकेनंतर बाईंना झोप लागेना, आणि दिवसा घरात बसवेना. त्या नुसत्याच बाहेर पडायच्या. कोणाच्या मोबाइलवर काही वाजलं की थांबायच्या. कानात इअरफोनची बोंडं घातलेली पोरं दिसली की त्यांच्या मागे चार पावलं जायच्या. पोरं वळून बघायची आणि पावलं उचलायची. आंटीचं डोकं ठिकाणावर नाही असं त्यांना वाटत असणार, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही अधूनमधून तसंच वाटायचं.

मग एका सकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीशी यशोधन उभा दिसला.

पाठमोरा. तेच जॅकेट, डाव्या कोपरावर उदबत्तीने पडलेलं भोक. तेच भादरलेलं डोकं, तीच वेणी. रस्ता कसा ओलांडला हे बाईंचं बाईंना कळलं नाही. जवळ जाऊन त्यांनी जॅकेटची बाही धरली, आणि वळला तो भलताच पोरगा होता. सावळा, नाकाशी तीळ. श्राद्धाच्या दिवशी श्रीधररावांनी यशोधनचे कपडे घाटावर देऊन टाकले होते, त्यातलं जॅकेट फिरत फिरत याच्या अंगावर आलं होतं. त्याच्या शेजारी उभे असलेले दोघेही तसेच, तीच भादरण, तीच बाळी. मुलगा होता तेव्हा बाई त्याला म्हणायच्या, तू सगळ्यांसारखा का दिसायला लागलास? आता सगळे त्याच्यासारखे दिसत होते.

"क्या हुआ आंटी?"

"कुछ नहीं बेटा. गलती हो गई."

त्यांनी बाही सोडली. तेवढ्यात त्या दोघांतला एक गाडीला किक मारून निघाला. जाता जाता हात वर करून म्हणाला, "नंतर, भिया."

"नंतर," तीळवाला म्हणाला.

माळव्यातली पोरं ही, यांच्या घरात मराठीचा म सुद्धा नसेल. आणि शब्द तर शब्द, म्हणायची तऱ्हाही कशी? मान वर न करता, हातातलं काम न सोडता म्हणावं तसं, तुटक. अशी म्हणणारी बाई त्यांना चांगली माहीत होती.

"ये 'नंतर' कहाँ से सीखा?"

"पोहा के ट्रैक से, आंटी. आपने नी सुना? इसी हफ्ते निकला है, पूरे शहर में चल रिया है." तो जरा थांबला. "पोहा तो नी रहा, एक साल हुआ. उसके दोस्तों ने निकाला."

त्याने कानातलं बोंड काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते कानाशी धरलं.

"आई, ऐक ना," यशोधन म्हणाला.

मग कुकरची शिट्टी. हा कुकर त्यांच्याच ओट्यावरचा. त्याची रिंग ढिली झालेली, त्यामुळे शिट्टीआधी तो फसफसायचा, तसाच फसफसला. आणि त्यावर एका बाईचा आवाज, "नंतर." मग ढोलासारखं काहीतरी, आणि पुन्हा तीच बाई. नंतर. नंतर. नं-नं-नंतर. कधी तुकडे करून, कधी लांबवून, कधी एकावर एक. यशोधन पुन्हा बोलेल म्हणून बाई प्राण कानात आणून उभ्या राहिल्या. तो बोलला नाही. नुसता ठोका चालत राहिला, कोणीतरी बोलावं म्हणून जागा सोडून ठेवल्यासारखा, आणि मध्येच कधीतरी 'नंतर'. शेवटी तेही थांबलं.

"आगे?" बाईंनी विचारलं.

"आगे तो है ई नी, आंटी. घाट पे जाओ, रविवार को घेरा लगता है. मुक्ता दीदी से पूछना, उनको पता होगा."

घरी येऊन बाई ओट्याशी उभ्या राहिल्या. इथेच तो मोबाइल ठेवून गुपचूप आवाज भरून घेत असणार. कितीदा त्याने "आई, ऐक ना" म्हटलं असेल आणि कितीदा त्यांनी "नंतर" म्हटलं असेल, मोजदाद कोण ठेवतं. कोणतीही आई म्हणते. पण शेवटची खेप त्यांना नीट आठवत होती. मार्गशीर्षातला गुरुवार. घटाची मांडणी चाललेली. तो आंघोळ करून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, कानातली बाळी उगाच फिरवत. घाबरला की तो तसं करायचा. "आई, ऐक ना. दोन मिनिटं." त्या नारळाला हळदीकुंकू लावत होत्या. "नंतर," त्या म्हणाल्या, "आणि ती बाळी काढ पूजेच्या दिवशी." तो थोडा वेळ थांबला आणि गाडी घेऊन इंदूरला निघाला, रॅपच्या कसल्याशा मुकाबल्याला. धुकं होतं. रस्त्यात उभा असलेला ट्रक त्याला दिसला नाही.

त्याला काय सांगायचं होतं? वर्षभर बाईंनी हा प्रश्न मनात येऊ दिला नव्हता. दार लावून, वर कडी घालून ठेवला होता. आता कडी निघाली. तिथीने वर्ष सरलं, पिंड दिले, ब्राह्मण जेवले, घराने त्याला वाटेला लावलं. आणि तो मात्र गावभर 'ऐक ना' म्हणत फिरत होता.

"रविवारी मला घाटावर जायचंय," रात्रीचं जेवण वाढताना त्या श्रीधररावांना म्हणाल्या. "त्या पोरांकडे. त्याने आणखी काही म्हणून ठेवलं असेल तर मला ते पाहिजे."

श्रीधररावांनी भातावर वरण घेतलं. कालवलं. खाल्लं नाही.

"मी पण ऐकलं," ते म्हणाले. "तुझ्या आधी. सकाळी फिरायला गेलो होतो तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलू? त्यात तुझा आवाज आहे, चारू. तुला ते ऐकू येऊ नये म्हणून मी देवाला हात जोडत होतो."

बाईंनी त्यांच्या पानात तूप वाढलं.

रविवारी दुपारी उन्हं कलायला लागल्यावर ते स्कूटरवरून राम घाटाशी आले. तिथून काठाकाठाने थोडं पुढे गेलं की गर्दी ओसरते. श्रीधररावांनी स्कूटर एका झाडाखाली लावली आणि सीटवरच बसून राहिले.

"तू जा. माझ्याच्याने नाही होणार."

घेरा खालच्या पायऱ्यांवर होता. वीस-पंचवीस पोरंपोरी, बहुतेक काळ्या कपड्यांत. मध्ये मोकळी जागा. एकेक जण त्या जागेत येऊन बोलायचा. बोलायचा म्हणजे काय, आत साठलेलं सगळं ठोक्यावर ओतायचा. एक जण वडिलांच्या दुकानाबद्दल बोलला, एक मुलगी तिच्यासाठी आलेल्या स्थळाबद्दल. मालवी, हिंदी, शिव्या, सगळ्याची भेळ. बाईंना अर्धं कळलं नाही. पण आतला बोलत असताना बाहेरचं कोणी हूं की चूं करत नव्हतं, मोबाइलकडे बघत नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं. पोतनीसांच्या घरात एवढं ऐकून घेतलेलं त्यांना आठवत नव्हतं.

केस अगदी बारीक कापलेली एक मुलगी पायऱ्या चढून वर आली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. "मी मुक्ता. काकी, मी ओळखलं तुम्हाला. पोहा मोबाइलवर फोटो दाखवायचा." तिचं मराठी मोडकंतोडकं होतं. "त्यानेच शिकवलं थोडं थोडं."

"पुढचं कुठे आहे?" बाईंनी एकदम विचारलं. "'ऐक ना' म्हटल्यावर तो पुढे काय म्हणणार होता?"

मुक्ताने मान खाली घातली. "नाही माहीत, काकी. हमने भी बहुत पूछा. तो बोलला, ये वाला पहले आई सुनेगी, फिर तुम लोग. मग इंदूरला जाऊन बोलेन. ठोका बनवून आमच्याकडे दिला, शब्द सगळे त्याच्या डोक्यात होते. लिहायचा नाही तो."

"म्हणजे कोणाकडेच नाही?"

"कोणाकडे नाही."

बाई पायरीवर बसल्या. खाली नदीत कोणीतरी दिवा सोडला होता. जगात एका माणसासाठी केलेली गोष्ट होती, आणि त्या माणसाने नारळाला कुंकू लावायचं होतं म्हणून ती घेतली नाही. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आलं नाही.

"आणि ते 'नंतर'?" त्यांनी विचारलं. "त्याचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

"हो ना. बाद में. सगळ्या घरात तेच बोलतात, काकी. पढ़ाई के बाद, नौकरी के बाद, शादी के बाद. पोहा म्हणाला, हा शब्द आपण आपलाच करून टाकू, मग तो मनाला लागणार नाही. म्हणून आम्ही जाताना तेच बोलतो." ती जराशी घुटमळली. "इथे नियम आहे. कोणी येऊ शकला नाही तरी त्याची बारी कोणी घ्यायची नाही. त्याचा ठोका लावायचा आणि सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. एक साल तक. तारखेने परवा वर्ष झालं. आज पोह्याची शेवटची बारी. पुढच्या रविवारी ती जागा दुसऱ्याला."

तिथीने एकदा गेला होता, आता तारखेने जाणार होता. बाई उठल्या आणि मुक्ताच्या मागोमाग पायऱ्या उतरल्या.

घेरा उघडला आणि बाईंच्या मागे पुन्हा मिटला. आतला मुलगा बोलून बाहेर आला. कोणीतरी स्पीकरशी वाकलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, हात पाठीमागे बांधले. श्राद्धाला पोतनीसांचे नातेवाईक उभे होते तसेच, फक्त इथे कोणी घड्याळ बघत नव्हतं. मधली जागा रिकामी होती.

"आई, ऐक ना."

बाई पुढे झाल्या. त्या जागेत गेल्या. आत गेलं की बोलावं लागतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

"सांग," त्या म्हणाल्या.

कुकर फसफसला. शिट्टी झाली. "नंतर," स्पीकरमधली बाई म्हणाली.

"सांग ना बाळा. ऐकतेय."

नंतर.

"हातात काही नाही बघ माझ्या. सांग."

नं-नं-नंतर.

ठोका चालत राहिला. एक बाई विचारत होती आणि तीच बाई नाही म्हणत होती, आणि दोघींच्या मध्ये जिथे तो असायला हवा होता तिथे क्षिप्रेवरून येणारा वारा होता. घेऱ्यातल्या एका मुलीने तोंडावर हात दाबला. बाईंचा आवाज चढला, चिरकला, मग बसत गेला. शेवटी त्या नुसतं "सांग, सांग" एवढंच पुटपुटत होत्या, ठोक्याच्या आत बाहेर कुठेही. ठोका संपला. बाईंना वाटलं आता तरी. त्या कान देऊन उभ्या राहिल्या. खाली पाणी पायरीवर आपटत होतं, बाकी काही नव्हतं.

मग मुक्ता आत आली आणि त्यांचा हात धरला.

"काकी, तुमचं 'सांग' आम्ही भरून घेतलंय. ते 'नंतर' काढून तिथे हे टाकू? एक दिन का काम है. मग पोह्याला..."

क्षणभर बाईंना मोह झाला. गावभर, रिक्षा-रिक्षात, तो म्हणेल 'आई, ऐक ना' आणि आई म्हणेल 'सांग'. ऐकणाऱ्याला वाटेल, काय भाग्याचा पोरगा.

"नको," त्या म्हणाल्या. "त्याने ऐकलं तेच राहू दे. खोटं नको करू."

त्या पायऱ्या चढायला लागल्या तेव्हा मागून सगळ्यांनी एकदम निरोप दिला, हळू, देवळात बोलावं तसा. "नंतर, काकी." बाईंनी मागे वळून हात वर केला.

श्रीधरराव झाडाखाली स्कूटरशीच होते. डोळे लाल झालेले. बाईंना बघून त्यांनी घाईघाईने किक मारली, आणि बाई मागे बसल्यावर, मान न वळवता, लहान मुलासारखं विचारलं, "काय म्हणाला गं?"

"नंतर सांगते," बाई म्हणाल्या.

आणि आपण काय बोललो ते त्यांनी ऐकलं. श्रीधररावांनीही ऐकलं. त्यांचे खांदे एकदम ताठ झाले.

बाई स्कूटरवरून खाली उतरल्या. वळसा घालून नवऱ्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं.

"नाही. आत्ता सांगते. काही म्हणाला नाही हो तो. मी बोलूच दिलं नाही त्याला."

श्रीधररावांनी गाडी बंद केली.